वीस बोटांची होडी

मालवणात माझं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं हेच केलं, त्यामुळे अंगात थोडी घमेंड आहे, हे आधीच सांगून टाकतो. चुकीचं इंजिन लावलेली होडी कुणी माझ्यापुढे आणली की मी आधी इंजिनाकडे बघतो, मग मालकाकडे, आणि मग काही न बोलता चहा मागवतो. त्या चहाचा अर्थ आमच्या बंदरावर सगळ्यांना कळतो. गेल्या जानेवारीत तो चहा मला माझ्या स्वतःसाठी मागवायची वेळ आली, आणि तीही समुद्रापासून इतक्या लांब की तिथे भरती-ओहोटी कुणी बघितलेली नाही.

बोलावणं होतं हरिभाऊ मास्तरांचं. मास्तर मूळचे भंडारा जिल्ह्यातले, पण आमच्या हायस्कुलात अकरा वर्षं ड्रॉइंग शिकवायला होते. शिडाचं वेड त्यांना माझ्यामुळे लागलं. निवृत्त होऊन ते वैनगंगेकाठी, कारध्याला, आपल्या गावी गेले, धानाची शेती बघू लागले आणि तिथल्या एका कारागिराकडून त्यांनी सोळा फुटी शिडाची होडी बांधून घेतली. मला फोटो आले, मी खूश झालो. मग दोन वर्षं होडीचं नाव नाही. आणि एक दिवस फोन.

"आबा, होडीले इंजन लावाचं हाय. दहा एचपीचं घ्याव म्हणतो."

मी फोनवरच ओरडलो. शिडाची होडी पाणी सारत सारत जाणारी. तिच्या लांबीला जेवढा वेग झेपतो तेवढाच ती देते. त्यापुढे कितीही ताकद लावा, ढुंगण खाली बसतं, नाक वर जातं आणि पेट्रोल उडतं. शिवाय दहा एचपीचं धूड मागे टांगलं की शिडावर चालताना होडी कायमची मागे झुकलेली. "चार पुरे," मी म्हणालो, "आणि मागच्या फळीची उंची सांगा." इंजिन अडकवतात ती ही फळी. ती पंधरा इंच असेल तर आखूड दांड्याचं इंजिन, वीस असेल तर लांब दांड्याचं. मास्तरांनी फोन हातात धरूनच कुणाला तरी हाक मारली. लांबून आवाज आला, "वीस!"

"वीस, आबा," मास्तर म्हणाले.

मी वहीत 'वीस' लिहिलं आणि लांब दांड्याचं इंजिन घेतलं. ते ट्रान्सपोर्टने पुढे पाठवलं आणि पिशवीत दोन पंखे घेऊन मागून मी निघालो. पंखा म्हणजे इंजिनाच्या बुडाला फिरणारा तो पात्यांचा. एक इंजिनाबरोबर आलेला, जास्त पिळाचा, दुसरा माझ्या वर्कशॉपमधला, कमी पिळाचा. कुठला लागेल हे पाणी बघून ठरवायचं होतं. तेवढं तरी मी बघून ठरवायचं ठेवलं, हे नशीब.

कारधा

भंडाऱ्याहून कारध्याला आलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. धान कधीच कापून झालं होतं आणि त्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, आता लाखोळी नावाच्या कडधान्याची लहान निळी-जांभळी फुलं होती. आम्हीही भात खाणारी माणसं, पण आमच्याकडे भात कापला की मळे उघडे पडतात. इथे कापायच्या आधीच उभ्या धानात लाखोळी पेरून ठेवतात, त्यामुळे जमीन मोकळी दिसतच नाही. मला हे फार आवडलं.

नदीचं पात्र मात्र मला अपेक्षित होतं तसं नव्हतं. खाली धरण झाल्यापासून पाणी मागे फुगलंय, काठ आणि पाणी यांची हद्द नीट कळत नाही. लांबवर पाण्यातून वाळलेल्या झाडांचे खुंट वर आलेले दिसत होते आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते.

जेवायला नदीतल्या झिंग्यांचा रस्सा होता. आमच्याकडे कोळंबीत नारळ, इथे कांदा, लसूण आणि भाजून वाटलेला जवस. पहिला घास घेतला आणि बायकोला दगा दिल्यासारखं वाटलं, इतका तो चांगला होता. मास्तरांच्या पत्नी शेवंतावहिनींनी विचारलं, "भाऊजी, वरतून सांबार टाकू?" रश्श्यावर पुन्हा सांबार कशाला, म्हणून मी नको म्हणालो. बाकी सगळ्यांच्या ताटात हिरवीगार कोथिंबीर पडली, माझं ताट कोरडं राहिलं. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला संध्याकाळी कळलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

जेवण झाल्यावर वहिनींनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचं माहेर खाली, फुगलेल्या पाण्याखाली गेलंय. गाव दुसरीकडे वसलं, जुन्या गावातलं एक उंच टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं. त्या टेकाडावर गावाची माताय आहे, झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. संक्रांतीचं पहिलं वाण त्या गावच्या लेकी मातायला देतात आणि मग एकमेकींना. ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमारांच्या, अरुंद डोंग्यात खाली मांडी घालून बसावं लागतं, आणि वहिनींचे गुडघे धरलेले. म्हणून मास्तरांनी बसायला फळी असलेली, रुंद, शिडाची होडी बांधून घेतली होती. होडी वहिनींसाठी होती, हे मला दोन वर्षं माहीतच नव्हतं.

"मंग पहिल्याच वक्ती हवा पडली," वहिनी म्हणाल्या. "टेकाड समोर दिसून राहिलं, आन् आमी खुंटायच्या मधात अडकलो. दिवस बुडला तरी तिथंच. मले पोहता येत नाही, भाऊजी. एका ढिवरानं वढत आणलं आमाले. तवापासून मी बसलो नाही त्याच्यात." इकडे बायकाही 'मी बसलो, मी जातो' असंच म्हणतात, आणि ऐकायला ते फार ठाम वाटतं. "यंदा रथसप्तमीच्या आत एक डाव बसतो. दिवस बुडाच्या आत नेऊन वापस आणलं त ठीक. नाही त तो डोंगा इकून टाका."

मास्तर खाली मान घालून सुपारी कातरत होते. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "वहिनी, उद्या इंजिन लावतो, परवा जाऊन येऊ."

पाण्यावर

होडी बांधणारा कारागीर मोतीराम दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर हजर होता. ढिवर समाजातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मासे धरणं आणि डोंगे बांधणं दोन्ही करतो. त्याने होडी इतकी सुबक बांधली होती की मी फळ्यांच्या सांध्यांवरून हात फिरवत राहिलो. आम्ही इंजिन मागच्या फळीवर चढवलं, दोऱ्या सोडल्या आणि निघालो. वहिनी काठावर उभ्या राहून बघत होत्या.

शंभर पावलं गेलो असू. इंजिन घुसमटलं. वर उचलून बघतो तर पंख्याला शेवाळ आणि शिंगाड्याच्या वेलांचा भलामोठा गुंडा. सोडवला, पुन्हा निघालो. थोड्या वेळाने खाली टणकन आवाज, इंजिन एकदम मोकळं ओरडायला लागलं आणि होडी जागच्या जागी. खुंटाला पंखा आपटून आतली पिन तुटली होती. ही पिन मुद्दाम मऊ धातूची असते. पंखा कशाला अडला की तिने तुटायचं आणि आतले दाते वाचवायचे. माझ्याकडे एकच जास्तीची होती. ती घातली. परत येताना तीही तुटली.

मोतीरामने वल्हं काढलं आणि आम्हाला काठाला आणलं. वहिनी घराकडे वळल्या.

मी फळीकडे बघत बसलो. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती होडीच्या बुडाच्या अगदी किंचित खाली यायला हवी. ही चांगली अर्धी वीत खाली लोंबत होती. म्हणजे आमचा पंखा विनाकारण खोल, बरोबर वेलांच्या आणि खुंटांच्या पट्ट्यात फिरत होता. आमच्या समुद्रात लाटा असतात, तिथे पंखा खोल असला तर चांगलाच, पाण्याबाहेर येत नाही. इथे खोली हाच शत्रू.

"ही फळी वीस इंच नाही," मी म्हणालो.

"वीसच हाय जी," मोतीराम म्हणाला. तो खाली वाकला, अंगठा मुडपून चार बोटं फळीवर आडवी ठेवली, मग त्याच्यावर दुसऱ्या हाताची चार. "चार, आठ, बारा, सोळा, वीस. पाहा."

मी टेप लावली. पंधरा इंच. दोरा इकडे नाही, तिकडे नाही.

"आमी जाळं बी बोटानंच मोजतो, मिस्तरी," तो म्हणाला. "दोन बोटाचं जाळं, तीन बोटाचं जाळं. डोंगा बी बोटानंच. इंच कोणी इचारलाच नाही."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर पोरांना मापं शिकवलेला माणूस! पण मग हळूच म्हणाले, "आबा, तुमी किती इचारलं. कायचे किती, हे नाही इचारलं."

खरं होतं. तीस वर्षं बोटींत घालवली आणि बोट हे मापही असतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी मास्तरांना म्हणालो, "चहा सांगा." त्यांना मालवणचा तो चहा ठाऊक होता. ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मलाही हसू आलं. माझी फजिती गावभर सहज झाली असती. कुणी केली नाही. मोतीराम तर उलट मलाच समजावत होता की चूक त्याची, त्याने 'बोटं' हा शब्द जोडायला हवा होता.

इंजिन परत पाठवून आखूड दांड्याचं मागवायचं तर रथसप्तमी उलटून गेली असती. मोतीराम दाढी खाजवत म्हणाला, "इंजन लांब हाय, त फळी उंच करू ना." त्याने येनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐनाच्या, जुन्या वाशाचा एक ठोकळा काढला, पाच इंची. पंधरात पाच मिळवले की वीस, एवढं सोपं होतं ते. तो गुडघाभर थंड पाण्यात उभा राहून तासभर ठोकळा रंधत होता, फळीच्या उताराला तो बिनफटीचा बसेपर्यंत. मी मधून मधून टेप पुढे करायचो. तो आपली बोटं लावायचा आणि मान हलवायचा.

भंडारा

पिनांसाठी दुपारी भंडाऱ्याला गेलो. पितळेच्या भांड्यांचं हे जुनं गाव. गल्लीत हातोडीचे आवाज येत होते. मास्तरांनी मला एका म्हाताऱ्या कारागिरापुढे नेऊन बसवलं. मी तुटलेली पिन दाखवली.

"मजबूत बनवून देतो," ते म्हणाले.

"मजबूत नको. तुटणारी हवी."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "तुटाची पिन? आजपावतो लोकायनं न तुटणारंच मांगितलं जी. काहून तुटाले पायजे?"

मी समजावलं की पिन तुटली नाही तर आतले दाते जातात आणि मग इंजिन पाण्यात मधेच मरतं. त्यांनी पिन बोटांत फिरवली. "मंग मोठी समजदार हाय हे पिन," म्हणाले. त्यांनी पितळेची सळी घासून आठ पिना केल्या, प्रत्येक पिन पंख्याच्या भोकात घालून बघितली, आणि मग माझ्या तळहातावर ठेवल्या. काम दोन तासांचं, पण त्यात घाई कुठेही नव्हती. मला माझे वडील आठवले, तेही असंच प्रत्येक स्क्रू दोनदा बघायचे.

पंखा

तिसऱ्या दिवशी सकाळी पंखा ठरवायचा होता. ठोकळ्यामुळे पंखा आता जागेवर आला होता, वेल लागत होते पण तोडता येण्याइतके. चार माणसं होडीत बसवून आधी जास्त पिळाचा पंखा लावून बघितला. इंजिन कुंथत होतं. पूर्ण दाबलं तरी त्याचा आवाज चढेना आणि समोरून जरा वारा आला की होडी रेंगाळायची. मग कमी पिळाचा लावला. इंजिन मोकळं गाऊ लागलं आणि होडी शांतपणे, पण न थांबता, वाऱ्याच्या नाकावर निघाली.

काठावर आल्यावर वहिनींनी दोन्ही पंखे हातात घेऊन बघितले. दोन दिवसांत त्या पहिल्यांदाच होडीजवळ आल्या होत्या. मी सांगू लागलो की ज्याला पीळ जास्त तो एका फेरीत लांब ढांग टाकतो, पण त्याला हलकी, पळणारी होडी लागते. ज्याला पीळ कमी तो लहान पावलं टाकतो, पण ओझं घेऊन.

"समजलं," वहिनी मला थांबवत म्हणाल्या. "चिखलणीच्या वक्ती तुमचे मास्तर ट्रॅक्टरले लोखंडी चाकं लावते. त्या चाकायनं रस्त्यावर धावता येत नाही, पण बांधीत थेच लागते. हा पंखा चिखलाचा. हाच ठेवा."

तीस वर्षांत गिऱ्हाइकांना पंखा समजावताना मी कागदावर कितीतरी चित्रं काढली. इतकं सोपं मला एकदाही सांगता आलं नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मंग उद्या दुपारी जाऊ. वाण मी भरून ठेवतो."

टेकाड

चौथ्या दिवशी जेवून आम्ही चौघं निघालो. वहिनी मधल्या फळीवर, मांडीवर परडी घेऊन. परडीत तीळगूळ, बोरं, उसाची पेरं, हळदकुंकू आणि हरभऱ्याची डहाळी. मोतीराम पुढे बसून पाण्यात बघत खुंट सांगत होता. मास्तर सुकाणूवर, मी इंजिनापाशी. वारा नव्हताच. पाणी इतकं गप्प होतं की काठावरच्या म्हशी उलट्या दिसत होत्या.

खुंटांच्या मधोमध आलो आणि टणकन वाजलं. इंजिन मोकळं ओरडलं. मी ते बंद केलं.

तीच जागा होती. कुणी सांगायची गरज नव्हती. मास्तरांचा चेहरा बघितला आणि कळलं. वहिनींनी परडी घट्ट धरली होती. समोर टेकाड दिसत होतं, झाड दिसत होतं, आणि आम्ही पुन्हा जागच्या जागी.

मी इंजिन वर उचललं, पंखा काढला. हजार वेळा केलेलं काम, पण त्या दिवशी मी घाई केली. पितळेची एक पिन निसटून पाण्यात गेली. मी खिशात चाचपडू लागलो तर वहिनी म्हणाल्या, "पुडी इकडं द्या." त्यांनी परडी बाजूला ठेवली, पिनांची पुडी मुठीत घेतली आणि एक पिन चिमटीत धरून माझ्यापुढे केली. पंखाही त्यांनीच मांडीवर धरला, ग्रीस लुगड्याला लागलं तरी. मी पिन बसवली, पंखा चढवला, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन सुरू झालं.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं का?" त्या म्हणाल्या, आणि परडी पुन्हा मांडीवर घेतली.

टेकाडावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोतीरामने हात दिला, वहिनी उतरल्या, आणि गुडघ्यांचं दुखणं विसरल्यासारख्या भराभर वर चढल्या. मातायचा दगड उन्हापावसात कोरा पडला होता. त्यांनी तो पदराने पुसला, शेंदूर लावला, हळदकुंकू वाहिलं आणि समोर वाण मांडलं. "आलो माय," त्या म्हणाल्या. "दोन साल चुकले."

मग पाण्याकडे तोंड करून आम्हाला दाखवत गेल्या. तो खुंट म्हणजे शाळेपुढची चिंच. त्याच्या पलीकडे आमचं आंगण. तिथं बोडी होती, लहान तळंच ते, तिच्यात शिंगाडे लावायचो. सगळं सपाट पाणी होतं, पण त्यांचं बोट एकदाही अडखळलं नाही. मी आणि मास्तर नुसते उभे होतो. मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मला त्या क्षणी इतकं भरून आलं की या माणसांनी मला इथवर आणलं, याबद्दल कुणाकुणाचे आभार मानावेत ते समजेना. मोतीरामच्या बोटांचे, त्या म्हाताऱ्यांच्या पितळेचे, की माझ्या चुकीचेच? आखूड दांड्याचं इंजिन आलं असतं तर मी ते बसवून दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरली असती.

परतताना इंजिन सुरळीत चाललं होतं. खुंटांचा पट्टा ओलांडला आणि पाठीमागून हलकी झुळूक आली. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. मास्तरांनी वर, गुंडाळलेल्या शिडाकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. कारधा अजून बरंच लांब होतं, आणि वहिनींना दिवस बुडायच्या आत पोचवायचा शब्द होता.

वहिनींनी मात्र ते बघितलं. त्यांनी उजवा हात लांब केला, अंगठा मुडपला, आणि पाण्याची रेघ नि सूर्य यांच्या मधे बोटं आडवी धरली, मोतीरामने फळीवर धरली होती तश्शीच.

"चार बोटं दिवस हाय अजून," त्या म्हणाल्या. "बंद करा ते इंजन, भाऊजी. तुमच्या मास्तरायले शीड लावू द्या."

मी इंजिन बंद केलं आणि पंखा पाण्याबाहेर उचलला.